घरची गाडी सारखी त्रास देतेय? या चुका टाळा

बहुतेक कुटुंबांत एक तरी अशी गाडी होऊन गेलेली असते, जिचा विषय निघाला की सगळे एकदम बोलायला लागतात. ऐन परीक्षेच्या दिवशी सुरूच झाली नाही, रात्री हायवेवर बंद पडली, गॅरेजमधून आणली आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच गेली. अशा हकिगती नीट ऐकल्या की त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत बिघाड दहा नव्हतेच, असं लक्षात येतं. एकच होता, तो कुणाला सापडला नव्हता, आणि सापडेपर्यंत अंदाजाने पार्ट बदलले जात होते. काही गाड्या कारखान्यातूनच सदोष निघतात, त्यांच्याबद्दलही पुढे लिहिलंय. पण त्रासाचा मोठा भाग बिघाड शोधण्याच्या पद्धतीतून येतो, आणि तो आपल्या हातात आहे.

"सुरू होत नाही" एवढंच सांगून गाडी सोडून येणं

या दोन-तीन शब्दांत मेकॅनिकला काहीच कळत नाही. किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक' आवाज येतो, की सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, की सुरू होऊन लगेच बंद पडतं, हे तीन अगदी वेगळे बिघाड आहेत. पहिल्यात बॅटरी, तिची कनेक्शन्स किंवा स्टार्टर बघायचा. दुसऱ्यात इंधन, स्पार्क किंवा एखादा सेन्सर. तिसऱ्यात बऱ्याचदा इमोबिलायझर (चोरी टाळण्यासाठी किल्ली ओळखणारी यंत्रणा) किंवा हवेची गळती निघते. किल्ली 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची गुणगुण येते का, तेही ऐकून ठेवा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडाही हलत नसेल तर बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्यायला जागा असते. हा सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाला की शहाण्यासारखा वागतो. त्यामुळे मदत येईपर्यंत गाडी ठणठणीत झालेली असते आणि दोष चालवणाऱ्याच्या डोक्यावर बसतो.

म्हणून घरात एकापेक्षा जास्त जण गाडी चालवत असतील तर डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवा. त्यात तारीख, किलोमीटर, इंजिन गरम होतं की थंड, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती होतं आणि कोण चालवत होतं, एवढंच लिहायचं. शेवटचा मुद्दा भांडणासाठी नाही. प्रत्येकाची गाडी वापरण्याची पद्धत वेगळी असते आणि बिघाडाचा धागा बऱ्याचदा तिथेच सापडतो.

माझ्या काकांच्या गाडीचं उदाहरण देतो. ती फक्त काकांनाच त्रास द्यायची. काकू चालवायच्या, चुलत बहीण चालवायची, कुणाची काही तक्रार नव्हती. घरात सगळ्यांचं ठरलेलं मत, काकांना गाडी सुरू करता येत नाही. दरम्यान बॅटरी नवी झाली, प्लग बदलले, पेट्रोल पंपही बदलला. बहिणीने वही सुरू केली तेव्हा नोंदींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली: पेट्रोल भरल्यावर लगेच. घरात पेट्रोल भरण्याचं काम काकांचं होतं, बाकीच्यांवर ती वेळ कधी आलीच नव्हती. बिघाड निघाला पर्ज व्हॉल्व्हचा. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन चालू असताना हा छोटा व्हॉल्व्ह ती थोडी थोडी इंजिनात सोडतो. तो उघडा अडकला की टाकी भरताना दाबली गेलेली वाफ थेट इंजिनात शिरते, हवेच्या मानाने पेट्रोल फार जास्त होतं आणि इंजिन पकडत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की जास्तीची हवा मिळते आणि गाडी कशीबशी सुरू होते, ही त्याची खूण. विजेचा प्लग काढलेला असताना या व्हॉल्व्हमधून हवा आरपार जाता कामा नये, एवढी साधी तपासणी आहे. बदललेल्या कुठल्याही पार्टचा या बिघाडाशी संबंध नव्हता.

कोड वाचला आणि तोच पार्ट बदलला

चेक इंजिनचा पिवळा लाइट लागला, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला, पार्ट बदलला. लाइट चार दिवसांनी परत लागला. हे चक्र अनेक घरांनी भोगलंय. कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे. हे ऑक्सिजन सेन्सरने कळवलं, म्हणून बिचाऱ्या सेन्सरलाच बदलतात. खरं कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवेचा सेन्सर किंवा पंपाचा कमी दाब असू शकतं. पी०४२० आला की सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचं ठरतं. पण इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, किंवा ऑइल जाळत असेल तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाणार.

एक तपासणी मात्र जवळपास फुकटात होते आणि फार उपयोगाची आहे. समजा पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल (प्लगला वीज पुरवणारा भाग) असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर बिघाड कॉइलबरोबर सरकला, कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल चांगली आहे. मग हीच अदलाबदल प्लगची करा, नंतर इंजेक्टरकडे वळा, शेवटी कॉम्प्रेशन मोजा. नवा पार्ट विकत न घेता संशयितांची यादी छोटी होत जाते.

कोड आला त्या क्षणी इंजिनचं तापमान, वेग, लोड काय होतं, याची नोंद गाडीचा कॉम्प्युटर साठवून ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती जाते, आणि अनेक गाड्यांत बॅटरीची वायर काढली तरी जाते. त्यामुळे लाइट घालवण्याची घाई करू नका. आधी सगळ्या स्क्रीनचे फोटो काढा. आणि हा लाइट उघडझाप करत असेल तर तो वेगळा इशारा आहे: जोरात मिसिंग चालू आहे, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातंय. गाडी ताबडतोब हळू करा आणि सुरक्षित जागा बघून थांबवा.

बॅटरीवर बॅटरी बदलणं

नवी बॅटरी लावली की काही दिवस बरे जातात आणि मूळ बिघाड झाकला जातो, म्हणून ही चूक लवकर ध्यानात येत नाही. एक साधा मल्टिमीटर घरात असला तर खूप वाद मिटतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू केल्यावर आकडा बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) गरजेप्रमाणे कमी-जास्त चार्ज करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका.

दोन्ही आकडे ठीक आणि तरी सेल्फ मरगळलेला? मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला इंजिन आणि बॉडीशी जोडणारी पट्टी, बघा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी मीटर अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवत असेल तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. या पट्टीपायी लोकांनी बॅटरी, स्टार्टर आणि अल्टरनेटर असे तिन्ही बदललेले मी पाहिलेत. वाईट वाटतं, कारण काम सँडपेपर आणि पान्याचं असतं.

उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर कुठेतरी करंट चोरीला जातोय. मीटर दहा अँपिअरच्या सॉकेटला लावून निगेटिव्ह वायरच्या मधे जोडा, दारं बंद करा आणि गाडीतले कॉम्प्युटर झोपेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, वाट बघा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. शेवटी आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, अलार्म आणि डॅशकॅम यांच्यापासून सुरुवात केलेली बरी.

तापलेली गाडी "आता घर जवळच आहे" म्हणून चालवणं

या यादीतली सर्वांत महागडी चूक. इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, जास्त तापलं की त्याला बाक येतो, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका बाकही हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅसकेट, निकामी व्हायला पुरतो. त्यानंतर जी गाडी परत मिळते तिच्यावर घरातल्या कुणाचाच विश्वास उरत नाही.

काटा वर चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा फुल. आत उकडेल, पण इंजिनची उष्णता बाहेर निघायला आणखी एक वाट मिळते. तरी काटा चढतच असेल तर गाडी थांबवा आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असतो, त्या दाबाखाली कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण उघडलं की दाब सुटून उकळता फवारा अंगावर येतो.

एक सापळा फार कमी लोकांना माहीत असतो. चढलेला काटा एकदम खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट इतकं कमी झालं असेल की सेन्सर कोरडा पडला, तरी काटा असाच पडतो. इंजिन त्या वेळी सर्वांत जास्त धोक्यात असतं.

थंड झाल्यावर आठवा, ती तापली कुठे. ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले, स्विच बघा. उलट मोकळ्या रस्त्यावर, चढावर तापते, तर चोंदलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप. गळती दिसत नाही तरी कूलंट कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात, ही हेड गॅसकेटची लक्षणं आहेत. पण इंजिन खोलायला लगेच होकार देऊ नका. रेडिएटरच्या तोंडाशी निळं रसायन धरून एक तपासणी करतात. इंजिनातला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं होतं. आधी ती करून घ्या, मगच हेड उतरवायचं की नाही ते ठरवा. आणि कमी झालेल्या कूलंटमध्ये हाताशी येईल त्या रंगाचं दुसरं कूलंट ओतू नका. काही रसायनं एकमेकांत मिसळली की गाळ धरतात.

कमी चालते म्हणून देखभाल नको

उभी गाडीही खराब होते. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: ३५२१ म्हणजे २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. टायमिंग बेल्टची (इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) मुदतही किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत असते, जे आधी येईल ते धरायचं. कार्ब्युरेटरच्या दुचाकीत जुनं पेट्रोल सुकून जेटची बारीक भोकं बुजवतं. उंदीर वायरी कुरतडतात, आणि तसा बिघाड शोधण्याइतकं चिकट काम दुसरं नाही.

नव्या डिझेल गाड्यांना छोट्या फेऱ्या विशेष बाधतात. त्यांच्या सायलेन्सरमधला काजळी पकडणारा फिल्टर स्वतःला साफ करायला सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतो. त्यासाठी सलग, बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. रोज जेमतेम दोन किलोमीटर जाऊन इंजिन बंद झालं तर सफाई अर्धवट राहते. त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलं ही आनंदाची बातमी नाही. वापर असाच राहणार असेल तर त्या घराला डिझेल गाडी योग्य नाही, हे खरेदीच्या वेळीच स्पष्ट बोलावं.

"तुम्हाला चालवता येत नाही" हे मान्य करणं

गाडीतला दोष चालवणाऱ्याच्या माथी मारण्याचा प्रकार मोठ्या कंपन्यांनीही केलाय. फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या गाड्या कमी वेगात थरथरायच्या, धक्के मारायच्या. ऑस्ट्रेलियात ग्राहकांनी तक्रारी केल्या तेव्हा अनेकांना सांगितलं गेलं की हा तुमच्या चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने तक्रारी हाताळण्याच्या या वागणुकीबद्दल फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

जनरल मोटर्सचं प्रकरण याहून भयंकर आहे. शेव्हरले कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्यांच्या इग्निशन स्विचची पकड सैल होती. किल्ल्यांचा जड जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का पुरायचा, किल्ली 'रन'मधून, म्हणजे इंजिन चालू असतानाच्या जागेवरून, मागे सरकायची. चालत्या गाडीत इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद, एअरबॅगही निकामी. काही वर्षांनी स्विचची रचना गुपचूप सुधारली, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांतला फरक शोधणाऱ्यांना दिसतच नव्हता. २०१४ मध्ये जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी जोडला.

म्हणून घरात कुणी म्हणालं की गाडी चालता चालता क्षणभर बंद पडल्यासारखी झाली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. अधूनमधून होणारा बिघाड खोटा नसतो. त्या व्यक्तीला घेऊन, तिलाच चालवायला देऊन, मेकॅनिकला शेजारी बसवा. जमलं तर फोनवर व्हिडिओ घ्या, आवाजासकट.

मूळचाच दोष असलेल्या गाडीवर तेच काम पुन्हा पुन्हा करणं

१९७८ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाड्यांत नवं डिझेल इंजिन आणलं. डिझेल इंजिनात दाब पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो, पण हेड धरून ठेवणाऱ्या बोल्टची मांडणी पेट्रोल इंजिनचीच ठेवली होती. बोल्ट ताणले जायचे, हेड गॅसकेट जायचं, कूलंट सिलिंडरमध्ये उतरायचं. अनेक ठिकाणी नवं गॅसकेट टाकून तेच ताणलेले बोल्ट परत घट्ट केले गेले, आणि काम पुन्हा निघालं. त्यापूर्वी आलेल्या शेव्हरले व्हेगाला एका वाहन मासिकाने १९७१ ची सर्वोत्तम गाडी ठरवलं होतं. तिचा अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक तापायचा, ऑइल जाळायचा, आणि बॉडी वेगाने गंजायची. पुरस्कार बघून गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आजच्या काळातलं उदाहरण म्हणजे ऑइलमध्ये बुडून चालणारे टायमिंग बेल्ट. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक ही दोन्ही इंजिनं यासाठी ओळखली जातात. बेल्टचे कण सुटून ऑइलची जाळी चोंदते आणि ऑइलचा दाब पडतो. सांगितलेल्या ग्रेडऐवजी भलतंच ऑइल टाकलं तर हे लवकर होतं. अशा गाडीत ऑइल प्रेशरचा लाल लाइट लागला की सेन्सरवर शंका घेण्याआधी जाळी आणि बेल्ट बघायचा.

तुमच्या गाडीत असा मूळ दोष आहे का, हे शोधताना मॉडेलच्या नावाने शोधू नका, इंजिनच्या आणि गिअरबॉक्सच्या कोडने शोधा. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुवर्षं वेगवेगळी इंजिनं येतात, आणि एकच इंजिन दहा नावांच्या गाड्यांत असतं. सतरा अक्षरांचा चासी नंबर देऊन कंपनीकडे रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) बाकी आहे का, तेही विचारा. रिकॉलचं काम मोफत होतं, आणि जुन्या गाडीचे दुसरे-तिसरे मालक ते न करताच वर्षानुवर्षं फिरत असतात.

"एवढा खर्च केलाय, आता विकायची कशी?"

झालेला खर्च परत येणार नाही, पुढच्या निर्णयात तो धरूच नका. बिघाडाचं कारण पक्कं कळलंय का? दुरुस्तीनंतर तो परत येणार नाही याला आधार काय? चासी आणि ब्रेकच्या लाइन्स गंजल्यात का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, किंवा तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर थांबा.

जुनी, कटकटीची गाडी ठेवूच नये असं माझं म्हणणं नाही. पूर्व जर्मनीत सुरू झालेल्या ट्राबांट नावाच्या छोट्या गाड्या १९५७ ते १९९१ या काळात ३० लाखांच्या आसपास बनल्या. जवळजवळ सगळ्यांत टू-स्ट्रोक इंजिन, धूर भरपूर, पेट्रोलची टाकी बॉनेटखाली आणि पंपच नाही, पेट्रोल वरून खाली आपोआप यायचं. बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा काटाही नव्हता, टाकीत पट्टी बुडवून बघायचं. तरी कुटुंबांनी त्या दशकानुदशकं चालवल्या, कारण काय बिघडेल आणि कसं दुरुस्त करायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठे दगा देईल हे माहीत असलेल्या गाडीबरोबर राहता येतं. कारण न सांगता भर रस्त्यात बंद पडणारी गाडी लहान मुलांना किंवा नवशिक्या चालकाला देऊ नये, यावर माझं मत ठाम आहे.

विकायची ठरली तर वही बरोबर द्या. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल दाखवून दिलं होतं की विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे चांगल्या गाडीलाही योग्य भाव मिळत नाही. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. नीट ठेवलेल्या नोंदी ही दरी कमी करतात.

घरातल्या घरात गाडी पुढे जाते तेव्हा तर कुणी काही विचारतच नाही. बाबांची गाडी मुलीकडे येते ती एका किल्लीसह, आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कुणालाच आठवत नाही. किल्ली देतानाच पहिल्या पानावर लिहून द्या: बेल्ट किंवा चेन कधी बदलली, कूलंट आणि ऑइल कुठल्या ग्रेडचं, बॅटरी आणि टायर कधीचे, वायरिंगमध्ये बाहेरून काय जोडलंय, आणि आजवर कुठला बिघाड न सापडता आपोआप बंद झाला. आपोआप बंद झालेला बिघाड परत येण्याचीच शक्यता जास्त, म्हणून त्याची लक्षणं सविस्तर लिहा.